कासव कशावरून

सरांच्या हातून कागदावर पुष्कळ काही झालं होतं. दगडावर मात्र अजून एक अक्षरही नव्हतं. आयुष्यभर भाषा शिकवून ते निवृत्त झाले, तीन पुस्तकं लिहिली, आणि तिन्ही पुस्तकांचे गठ्ठे त्यांच्याच पलंगाच्या पेटीत पडून होते. बायको त्या गठ्ठ्यांवर थंडीच्या रजया ठेवायची. "पुस्तकं खाली आहेत म्हणून रजयांना ओल लागत नाही," असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि सरांच्या लेखनावर आजवर आलेला हा सर्वांत अनुकूल अभिप्राय होता.

म्हणून होडी क्लबनं धक्क्यावर दगडी पाटी बसवायची ठरवली, तेव्हा सरांना जेवण गोड लागेना. क्लबला पन्नास वर्षं होत होती. धक्क्यावर काहीतरी कायमचं असावं, यावर कमिटीचं एकमत होतं. कारंजं परवडत नव्हतं. पुतळा कोणाचा, यावरून हातघाईवर प्रकरण गेलं असतं. शेवटी कोणीतरी कंटाळून म्हणालं, "एखादा शब्दच कोरून टाका ना," आणि सगळे घरी जायला उठले होते, म्हणून ठराव मंजूर झाला.

शब्द होता 'कासव'. होडी पार उलटून डोलकाठी पाण्याखाली आणि बूड आभाळाकडे गेलं, की त्या खाडीवरची माणसं म्हणत, "कासव झालं." होडी बुडाली असं कोणी म्हणत नसे, तो अपशकुन. उलटली असंही म्हणत नसत. उलटायला काय, तव्यावरचं काहीही उलटतं. कासव म्हणजे कासव. पाटीवर हा शब्द, त्याचा अर्थ आणि तो कशावरून आला हे चार ओळींत लिहायचं, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. सरांनी त्या चार ओळी ठराव मंजूर होण्याच्या आधीच लिहून ठेवल्या होत्या.

अर्थाबद्दल तंटा नव्हता. तंटा होता 'कशावरून' याबद्दल, आणि तो घालणारा माणूस सरांचा सख्खा व्याही होता.

व्याही दातांचे डॉक्टर होते. मुलीच्या लग्नाआधी सरांनी मुलाचं शिक्षण, पगार, चष्म्याचा नंबर, सगळी चौकशी केली होती. मुलाच्या वडिलांना शब्दांच्या उगमाबद्दल काही मतं आहेत का, एवढं विचारायचं तेवढं राहून गेलं. डॉक्टरांना मतं होती. आणि उलट उत्तर ऐकायची त्यांना सवयच नव्हती, कारण ते दिवसभर ज्यांच्याशी बोलत त्यांच्या तोंडात कापूस असे.

सरांचं म्हणणं असं, की जुन्या काळी लांबच्या सफरीवरचे खलाशी किनाऱ्यावर कासवं पकडत. कासव हाती लागलं की त्याला बांधायला दोरी नको की पिंजरा नको. नुसतं उताणं करायचं. मग ते हातपाय हवेत मारत पडून राहतं आणि जागचं हलत नाही. खलाशी निवांत. उताणं करून निकामी करणं, हे 'कासव करणं'. आणि पुढे समुद्रानं खलाशांच्याच जहाजाचं तेच केलं, तेव्हा त्यांना दुसरा शब्द सुचला नाही. "यात न्याय आहे," सर म्हणत, आणि थोडं थांबत. इथे श्रोत्यांनी अंतर्मुख व्हावं अशी त्यांची अपेक्षा असे.

डॉक्टर अंतर्मुख होत नसत. ते म्हणत, "व्याहीसाहेब, उगाच कशाला लांबच्या सफरीवर जाता? उलटी होडी बघा. वर काय दिसतं? गोल, हिरवट, शेवाळलेली पाठ. कासवासारखी दिसते म्हणून कासव. शेंबडं पोरही सांगेल."

"शेंबडी पोरं सांगतील तेच लिहायचं, तर मग मला कशाला बोलावलंत?"

"तुम्हाला बोलावलं नाही. तुम्ही कमिटीतच आहात."

एका सभेत डॉक्टरांनी घरून स्टीलची वाटी आणली आणि टेबलावर पालथी घातली. "काय दिसतंय?"

"वाटी," खजिनदार म्हणाले.

"नीट बघा."

"पालथी वाटी."

"आता बघा." डॉक्टरांनी वाटी सरळ केली. "व्याही म्हणतात, कासव उताणं केलं म्हणून कासव. पण उताणं कासव कसं दिसतं? पोट वर, खोलगट. म्हणजे सरळ होडीसारखं! मग सरळ होडीला कासव म्हणा की! उलट्या होडीला का म्हणता?"

हा मुद्दा बिनतोड होता, हे सरांनाही कळलं, म्हणून ते उभे राहिले. "शब्द दिसण्यावरून येत नसतात, डॉक्टर. करण्यावरून येतात. दिसण्यावरून यायचे असते, तर दाढेला तुम्ही काय म्हटलं असतंत?"

याचा अर्थ कोणालाच कळला नाही, पण सर खाली बसले तेव्हा दोघांतिघांनी मान हलवली. वाटी मात्र खजिनदारांच्या घरी गेली आणि परत आली नाही.

असं सहा महिने चाललं. पाथरवटानं दगड घासून ठेवला होता. तो अधूनमधून फोन करून, काय कोरायचं ते सांगा नाहीतर मी या दगडाची पायरी करतो, असं सांगत असे. शेवटी क्लबच्या नव्या सचिवांनी प्रकरण हातात घेतलं. या बाई एका मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि सगळे त्यांना अजूनही मेट्रनच म्हणत. त्यांच्या समोर मोठमोठी माणसं नकळत जीभ बाहेर काढून दाखवत.

मेट्रननी दोघांना बोलावलं. "तुम्ही दोघं क्लबचे किती वर्षांचे सभासद?"

"स्थापनेपासून," दोघे एकदम म्हणाले.

"आणि तुमच्यापैकी कासव कोणाचं झालंय?"

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं, सरांनी खिडकीबाहेर.

"दरवर्षी प्रत्येक सभासदानं उलटण्याची परीक्षा द्यायची असते. मुद्दाम होडी उलटवायची आणि पाण्यात राहून परत उभी करायची. दोन माणसं, एक होडी. तुमची नावं मला एकाही वर्षी सापडली नाहीत."

"मला कानाचा त्रास आहे," डॉक्टर म्हणाले.

"मी नियमावली लिहिली," सर म्हणाले. "परीक्षेची. ती लिहिणाऱ्यानंच परीक्षा देणं औचित्याला धरून—"

"रविवारी सकाळी," मेट्रन म्हणाल्या. "दोघं एका होडीत. जो पास होईल त्याच्या चार ओळी. दोघं पास झालात तर चिठ्ठी टाकू. आयुष्यात जो एकदा उलटला नाही, त्यानं उलटण्याबद्दल दगडावर लिहायचं, हे मला चालणार नाही."

सर घरी आले आणि बायकोला म्हणाले, "माझ्या आयुष्यभराच्या अभ्यासाची परीक्षा त्या बाईनं पोहण्यावर आणून ठेवली."

"जुनी पँट घाला," बायको म्हणाली.

रविवारी धक्क्यावर ही गर्दी. एवढे सभासद क्लबला आहेत, हे वर्गणी मागताना कधी लक्षात आलं नव्हतं. सरांची बायको आणि विहीणबाई घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन पुढच्या रांगेत बसल्या. मदतीच्या मोटरबोटीवर भोंगा घेऊन सरांचा जावई, म्हणजे डॉक्टरांचा मुलगा, उभा होता. तो हिशेब तपासनीस होता. त्यानं उभ्या आयुष्यात कधी लाल सिग्नल मोडला नव्हता, रस्ता रिकामा असतानासुद्धा. हाच गुण पाहून सरांनी मुलगी दिली होती.

त्याच्या हातात सरांनीच लिहिलेली नियमावली होती. त्यात आरोळ्यांचं कलम सरांच्या खास अभिमानाचं होतं. पूर्वी परीक्षेला बसलेली माणसं पाण्यात पडली की "आई गं", "मेलो", "धावा" असं वाट्टेल ते ओरडत, मदतीची बोट धावत जाई, आणि परीक्षा फुकट जाई. सरांनी या गोंधळाला शिस्त लावली होती. आरोळ्या दोनच. होडी कुशीवर पडली आणि डोलकाठी पाण्यावर टेकली, तर 'आडवी'. अशा वेळी मदतीच्या बोटीनं लांब थांबावं, आपली होडी आपण उभी करावी. डोलकाठी थेट तळाकडे गेली, तर 'कासव'. अशा वेळी बोटीनं ताबडतोब जावं. आरोळी सुकाणूवरच्या माणसानंच द्यावी. आणि शेवटची ओळ: 'इतर कोणत्याही आरोळीची दखल घेतली जाणार नाही.'

"सुकाणूवर मी बसणार," सर म्हणाले.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "उलटायलाच तर चाललोय. सुकाणू काय आणि चमचा काय."

होडी धक्क्यापासून लांब गेली आणि थांबली. आता एवढंच करायचं होतं, की दोघांनी एकाच बाजूला झुकायचं.

"उजवीकडे," सर म्हणाले.

"डावीकडे. वारा बघा कुठून येतोय."

"वाऱ्याचा प्रश्न येतोच कुठे? आपण उलटवतोय, वारा नाही."

"म्हणून तर वाऱ्याची मदत घ्यायची. एवढं साधं आहे. शेंबडं पोरही—"

"पुन्हा ते पोर आणू नका मध्ये!"

सर उजव्या काठावर बसून मागे रेलले. डॉक्टर डाव्या काठावर बसून मागे रेलले. दोघांची वजनं जवळपास सारखी होती. होडी इतकी स्थिर झाली, की एक पांढरा पक्षी येऊन तिच्या टोकावर बसला. दोघे हळूहळू जास्त रेलू लागले, तोंडानं भांडण चालूच, आणि होडी जागची तसूभर हलेना. धक्क्यावरच्या जाणत्या सभासदांनी कबूल केलं, की एवढी तोललेली होडी त्यांनी शर्यतीतही पाहिली नव्हती.

"उलटा की!" मेट्रन ओरडल्या. त्यांना भोंग्याची गरज नव्हती.

"उलटतोय!" दोघे ओरडले.

तेवढ्यात सरांच्या बायकोनं विहीणबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघी खुर्चीवरून घसरतील इतक्या हसल्या.

"कोणाला हसतायत?" डॉक्टर म्हणाले.

"तुम्हाला."

"नाही हो. तुमच्याकडे बघून हसतायत."

"अहो!" सरांच्या बायकोनं तोंडाभोवती हात धरून हाक दिली. "जमत नसेल तर या परत! चहा गार होतोय! साधं पडता येत नाही तुम्हाला?"

हे दोघांच्याही वर्मी लागलं. सरांना राहवेना आणि डॉक्टरांनाही राहवेना. दोघे ताडकन उठले आणि धक्क्याच्या बाजूच्या काठावर जाऊन, बोट रोखून, एका सुरात म्हणाले, "हे बघा—"

इतक्या वर्षांत दोघे पहिल्यांदाच एका बाजूला आले होते. होडीला हे सोसलं नाही.

सर पाण्याबाहेर आले ते नाकातोंडात खारट पाणी घेऊन. चष्मा दोरीनं बांधलेला होता, म्हणून गळ्यात राहिला. त्यांनी तो लावला, होडी कुशीवर आहे, डोलकाठी पाण्यावर टेकलेली आहे याची खात्री केली, आणि तशाही अवस्थेत स्पष्ट उच्चारात आरोळी दिली, "आडवी!"

"आडवी, नोंद घेतली!" जावई भोंग्यातून म्हणाला. "तुमचं चालू द्या, सर!"

डॉक्टर कुठे आहेत म्हणून सरांनी मान वळवली आणि ते पाय मारायचेच विसरले. डॉक्टरांनी लाइफ जॅकेटचे पट्टे पोटाच्या घेरामुळे सैल सोडले होते. जॅकेट वर सरकलं होतं आणि त्यानं त्यांना पाठीवर टाकलं होतं. पोट वर, मान मागे, हात दोन बाजूंना, पाय दोन बाजूंना, आणि चारही अवयव हवेत वळवळतायत, पण माणूस जागचा हलत नाही.

"हलू नका!" सर ओरडले. "तसेच राहा!"

"मला हलताच येत नाहीये!"

"तेच! तेच म्हणतोय मी इतकी वर्षं!" सरांचा आवाज भरून आला. "उताणं केलं, की संपलं! ना दोरी, ना पिंजरा! डॉक्टर, तुम्ही स्वतः माझा पुरावा आहात!"

"तुमचा पुरावा गेला खड्ड्यात! मला पालथं करा!"

सर म्हणाले, आधी होडी, मग पुरावा. नियमावलीप्रमाणे होडीच्या बुडातून बाहेर आलेल्या मधल्या फळीवर चढून, काठ धरून, मागे रेलायचं असतं. हे कलम त्यांनीच लिहिलं होतं आणि त्याला सुबक आकृतीही काढली होती. आकृतीत माणूस कोरडा होता. सर घाईत फळीच्या बाजूला न जाता शिडाच्या बाजूला गेले आणि डोलकाठीलाच लोंबकळले. होडीनं एक उसासा सोडला आणि ती सावकाश पुढे कलली. डोलकाठी पाण्याखाली जाऊ लागली. आता ती थेट तळाकडे जाणार आणि अस्सल कासव होणार, तोच खाली काहीतरी रुतल्यासारखं झालं. खाडीचा गाळ. डोलकाठीचं टोक गाळात बसलं आणि होडी तिथेच अडकली. ना आडवी, ना पुरती उलटी. तिरपी.

आणि वर आलं ते होडीचं बूड. गोल, रुंद, हिरवट, शेवाळलेलं, पाणी निथळणारं. अगदी सावकाश श्वास घेतल्यासारखं वरखाली होणारं.

"दिसतंय का?" उताण्या डॉक्टरांना मान जेमतेम वळवता येत होती, तरी त्यांनी वळवली. "व्याहीसाहेब, दिसतंय का काय दिसतंय ते?"

सर दुसरीकडे बघत राहिले.

"सर!" भोंगा आला. "काय स्थिती आहे? आडवी की कासव?"

"थांब जरा!"

सरांनी पाण्यात तोंड घालून डोलकाठीकडे पाहिलं. 'थेट तळाकडे' हे शब्द त्यांचेच होते. 'थेट' हा शब्द घालावा की न घालावा, यावर त्यांनी तेव्हा दोन दिवस विचार केला होता. डोलकाठी थेट नव्हती. कोणत्याही शुद्धीवरच्या माणसानं तिला थेट म्हटलं नसतं.

"तिरपी आहे!" ते वर येऊन ओरडले.

नियमावलीची पानं उलटल्याचा आवाज भोंग्यातून ऐकू आला. "सर, तिरपी अशी आरोळी यात नाही."

"मला माहितेय! मीच लिहिलंय ते!"

"मग मी ही 'इतर कोणतीही' समजू का?"

"अरे गाढवा!" डॉक्टर आभाळाकडे बघत ओरडले. "मी तुझा बाप आहे! इकडे ये!"

"बाबा, सुकाणूवर सर होते. तुमची आरोळी धरता येत नाही." मुलाच्या आवाजात दुःख होतं, पण डळमळ नव्हती. धक्क्यावर विहीणबाई उभ्या राहिल्या. मेट्रन मात्र शांत होत्या. लाइफ जॅकेट घातलेला माणूस बुडत नाही आणि ओरडणारा माणूस आजारी नसतो, हा त्यांचा नोकरीतला अनुभव होता.

सर उलट्या होडीच्या काठाला धरून लोंबकळत होते आणि विचार करत होते. एक शब्द ओरडला की बोट येत होती. पण डोलकाठी तिरपी असताना या होडीला कासव म्हणायचं, याचा अर्थ काय होता? उताणं करून निकामी करणं वगैरे काही नाही. वर गोल पाठ दिसली, की झालं कासव. म्हणजे वाटी. म्हणजे भर सभासदांसमोर, स्वतःच्या तोंडानं, डॉक्टरांच्या चार ओळी वाचून दाखवायच्या. त्यापेक्षा भरती येईल. भरतीनं होडी उचलली जाईल, डोलकाठी गाळातून सुटेल, सरळ खाली जाईल, आणि मग ते निर्धास्त मनानं, शास्त्राला धरून ओरडू शकतील. भरतीला दुपार होणार होती. सरांना ते फार वाटलं नाही.

"व्याही," डॉक्टर थोड्या वेळानं म्हणाले. आवाज बदलला होता. "पोटरीत गोळा आलाय."

"पाय ताणा."

"ताणलाय. हात पण गार पडलेत. एक शब्द ओरडा ना."

"तो शब्द इथे लागू नाही."

मग डॉक्टर दाढ काढायच्या आधी पेशंटशी बोलायचे, त्या मऊ आवाजात बोलू लागले. "हे बघा, आता शांतपणे ऐका. समजा मी इथे गेलो."

"तुम्हाला काही होत नाही."

"समजा म्हणतोय. शोकसभा होईल. हॉल भरेल; अर्ध्या गावाचे दात मी पाहिलेत. मुलगा बोलेल. मेट्रन रडणार नाहीत, पण रुमाल काढतील. खजिनदार वाटीची गोष्ट सांगतील. आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी उठून म्हणेल, डॉक्टर कशावरून गेले, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. शेवटपर्यंत ते आपल्या मताशी एकनिष्ठ राहिले. पाटीवर त्यांच्याच ओळी कोरू या. एकही हात विरुद्ध वर जाणार नाही."

सरांना तो हॉल दिसला. हार घातलेला फोटोही दिसला; फोटोत डॉक्टर हसत होते, दात दाखवून.

"आणि मी?" सरांनी विचारलं.

"तुम्ही? तुम्ही आभार मानाल."

जिवंत व्याह्याशी वाद घालता येतो. मेलेल्या व्याह्यापुढे फक्त हात जोडून उभं राहता येतं, तेही फोटो काढणाऱ्याच्या सोयीनं. सरांनी छाती भरून श्वास घेतला.

"कासव!" ते ओरडले. "कासव! कासव!"

मोटरबोट इतक्या झटकन आली, की तिच्या लाटेनं डोलकाठी गाळातून सुटली आणि होडी पुरती, सरळ, शास्त्रशुद्ध कासव झाली. सरांनी हे पाहिलं. जावयानं त्यांना दंडाला धरून वर घेतलं आणि अदबीनं म्हणाला, "सर, एकदा पुरे होतं."

धक्क्यावर दोघांना घोंगड्यांत गुंडाळून बसवलं. डॉक्टरांची पोटरी चोळून झाली, चहा पोटात गेला, आणि ते एकदम उभे राहिले. "माझी एक विनंती आहे," ते म्हणाले, आणि गर्दी शांत झाली. "आज माझ्या व्याह्यांनी स्वतःचं मत पाण्यात सोडलं आणि माझा जीव वाचवला. पाटीवर त्यांच्याच ओळी लावा. माझी हरकत नाही."

विहीणबाईंनी डोळे पुसले. बऱ्याच जणांनी पुसले. आता सर उठणार, डॉक्टरांना मिठी मारणार आणि म्हणणार, छे छे, तुमच्याच ओळी लावा, असं सगळ्यांना वाटलं. सरांच्या बायकोला मात्र तसं वाटलं नाही. ती त्यांच्यासोबत बरीच वर्षं राहिली होती.

"हे सगळ्यांनी ऐकलं ना?" सर म्हणाले.

मेट्रन म्हणाल्या, "दोघं नापास आहात. होडी उभी केली नाही, चुकीच्या बाजूला चढलात, आणि आरोळी खोटी दिलीत. पण पाथरवट उद्या येणार आहे आणि या विषयावर मला तुमचे चेहरे पुन्हा बघायचे नाहीत. लावा सरांच्या."

पाटी लागली. काळा दगड, पांढरी अक्षरं. लांबची सफर, उताणं कासव, समुद्राचा न्याय, सगळं चार ओळींत बसलं होतं आणि खाली सरांचं नाव होतं. सर रोज संध्याकाळी फिरायला धक्क्यावर जाऊ लागले. थोड्या अंतरावर उभे राहून, समुद्राकडे बघतोय असं दाखवून, ते पाटी वाचणाऱ्यांची वाट बघत. लोक यायचे. पाटीला टेकायचे. पाटीवर ओलं जॅकेट वाळत घालायचे. एकानं तिच्यावर पाय ठेवून बुटाची लेस बांधली. अक्षरं कोरलेली असल्यामुळे बूट घसरत नाही, असं तो मित्राला सांगत होता.

एका संध्याकाळी क्लबमध्ये नवीन दाखल झालेल्या बायकांचा घोळका पायऱ्यांवर बसला होता. सगळ्या एकाच बँकेत कामाला होत्या आणि सगळ्यांना एकदमच होडी शिकायची लहर आली होती. मेट्रन त्यांना शिकवत होत्या. त्यांची पाठ नेमकी पाटीला लागलेली होती, त्यामुळे चारपैकी तीन ओळी झाकल्या गेल्या होत्या. डॉक्टर व्याह्यांना सोबत म्हणून आले होते, आणि दोघे मागे उभे होते.

"आणि पूर्ण उलटली की ओरडायचं, कासव," मेट्रन सांगत होत्या.

"कासवच का?" एकीनं विचारलं.

सरांनी घसा साफ केला. पण मेट्रननी मागे पाहिलंच नाही.

"इथे दोन व्याही होते," त्या म्हणाल्या. "एक दातांचा डॉक्टर आणि एक प्रोफेसर. एकदा दोघं होडीतून पडले. डॉक्टर पडला उताणा, आणि हातपाय हवेत मारत राहिला, कासवासारखा. प्रोफेसर किनाऱ्याकडे तोंड करून 'कासव, कासव' ओरडत सुटला. तेव्हापासून या खाडीवर उलटलेल्या होडीला कासव म्हणतात."

बायका खो खो हसल्या. एकीनं तर लगेच फोनमध्ये टिपून घेतलं.

"मेट्रन!" सर पुढे आले. रागानं त्यांचा आवाज चिरकला. "हे साफ खोटं आहे! हा शब्द शेकडो वर्षं जुना आहे! तुमच्या पाठीमागे लिहिलंय!"

"लक्षात राहतं ना त्यांच्या? मग झालं," मेट्रन म्हणाल्या. "तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. मला फक्त 'न्याय' आठवतो."

"अय्या," पहिल्या पायरीवरची बाई म्हणाली. "सर, ते प्रोफेसर तुम्हीच का?"

सगळ्या वळल्या. सरांनी तोंड उघडलं. ते आता चार ओळी म्हणून दाखवणार होते. त्या त्यांना पाठ होत्या. पण त्यांचं समोर लक्ष गेलं. पंधरावीस चेहरे त्यांच्याकडे लागले होते. कोणी जांभई देत नव्हतं. कोणी घड्याळ बघत नव्हतं, मागच्या रांगेत कोणी डबा खात नव्हतं. एक बाई तर ऐकायला जवळ सरकली. आयुष्यभर शिकवलं, पण असा वर्ग सरांना कधी मिळाला नव्हता.

"सांगा ना सर, खरंच काय झालं होतं?"

सरांनी दगडाकडे पाहिलं. मेट्रन उठल्या होत्या आणि त्यांच्या जागी कोणीतरी पिशवी टेकवून ठेवली होती.

"सरका जरा," सर म्हणाले, आणि पायरीवर बसले. "त्या दिवशी वादळ होतं. लाटा डोक्याएवढ्या. आणि हे आमचे व्याही, हे जे मागे उभे आहेत ना, यांना पोहण्याचा काडीचा गंध नाही—"

"कसलं वादळ?" मागून डॉक्टर ओरडले. "पक्षी येऊन बसला होता होडीवर!"

"श्श," घोळक्यातल्या चार बायका वळून म्हणाल्या. "अहो, सांगू द्या ना त्यांना."